बंदूक तीच होती, गाडी बदलली: शिकारीच्या जीपची गोष्ट

घणसोली गावातून, आमच्या माडीवरच्या खोलीतून हा भाग रेकॉर्ड केलाय. ऐकताना मध्येच लोकलचा भोंगा वाजला असेल तर सांभाळून घ्या, ट्रान्स-हार्बर लाइन आपलं ऐकत नाही. वाचणाऱ्यांसाठी हा लेखी मजकूर, बोलण्यातला पसारा थोडा आवरून.

विषय निघाला एका श्रोत्याच्या मेसेजवरून. त्याने लिहिलं होतं, "दादा, आम्ही शनिवारी रात्री तीन थार घेऊन माळशेजच्या बाजूला जातो. टपावर लाइट बार आहे. आडवाटेला गाडी घालतो, ससा-भेकर दिसलं की लाइट मारून व्हिडिओ काढतो. बंदूक कोणाकडेच नाही, मग फॉरेस्टवाले एवढे का चिडतात?"

प्रश्न मला आवडला. उत्तर मात्र थारच्या आधीपासून सुरू करावं लागेल. बैलगाडीपासून.

कोल्हापूरला शाहू महाराजांच्या काळात चित्ते पाळलेले होते. हो, चित्ते, बिबटे नव्हेत. माळरानावर काळविटाची शिकार करायला त्यांना शिकवलेलं असे. आता काळवीट म्हणजे पळण्यात वाऱ्याशी पैज लावणारा प्राणी, आणि चित्ताही जोरात पळतो तो थोड्याच अंतरापर्यंत. म्हणजे त्याला कळपाच्या जवळ नेऊन सोडावं लागणार. मग नेणार कसं? बैलगाडीतून. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीवर बसलेला, आणि गाडी आपली हळूहळू कळपाकडे चाललेली. काळविटं पळत का नसत? कारण रोज शेतकऱ्यांच्या बैलगाड्या बघून त्यांची भीती गेलेली. माणूस पायी दिसला तर ती उधळत, गाडी दिसली तर चरत राहत.

ही गोष्ट लक्षात ठेवा. गाडी हे शिकारीचं साधन आहे, ही अक्कल पेट्रोलच्या आधीची आहे. पण बैलगाडीला एक मर्यादा होती. कळप पळाला की बैल काही त्याच्यामागे धावणार नाहीत. चित्त्याचा एक डाव हुकला की त्या वेळेपुरती शिकार संपली.

ही मर्यादा दुसऱ्या महायुद्धाने संपवली. अमेरिकन सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीप बनवल्या. साधारण ६० अश्वशक्तीचं इंजिन, चारही चाकांना ताकद, चढाला आणि चिखलाला लो गिअर, आणि पुढची काच चक्क बॉनेटवर आडवी पडणारी. सैनिकाला समोर गोळी झाडता यावी म्हणून ही सोय उपयोगाची, आणि नेमकी तीच शिकाऱ्याच्याही कामाची. युद्ध संपलं आणि भारतात उरलेल्या लष्करी गाड्या डिस्पोजलच्या मालात विकायला निघाल्या. मग १९४० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या माझगावात महिंद्रांनी विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. आज ज्या गाडीचे रील आपण बघतो, तिची आजी माझगावची आहे.

त्याच काळात पिकांच्या रक्षणासाठी म्हणून बंदुकांचे परवाने सढळ हाताने दिले जात होते. आता हिशेब करा. हातात बंदूक, बुडाखाली जीप, आणि बॅटरीला जोडलेला सर्चलाइट.

सर्चलाइट काय करतो ते नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. हरीण, बिबट्या यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा एक थर असतो. त्यामुळे त्यांना अंधारात जास्त दिसतं, आणि त्यामुळेच बत्ती मारली की डोळे चमकतात. अर्धा किलोमीटरवरून सुद्धा कळतं की तिथे कोणीतरी आहे. शिवाय झगझगीत उजेडात प्राणी दिपतो, जागेवर थांबतो. म्हणजे ज्या डोळ्यांनी तो रात्री जगतो, तेच डोळे त्याला मारणाऱ्याला पत्ता देतात.

सगळ्यात बोचरं उदाहरण १९४७ सालचं आहे. आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव रात्री गाडीने चालले होते. उजेडात तीन चित्ते दिसले. तिन्ही नर, एकाच जागी. तिन्ही मारले. भारतातल्या जंगली चित्त्यांची ही शेवटची पक्की नोंद मानतात. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. (बरेच जण हे शेजारच्या सरगुजाच्या महाराजांच्या नावावर टाकतात. ते वेगळे, त्यांचे आकडे वाघांचे.)

ही नोंद छापली कुठे? मुंबईत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १९४८ च्या जर्नलमध्ये. संपादकांनी ती छापली आणि सोबत आपला संताप व्यक्त करणारी टीपही जोडली. गंमत बघा, हे काही शिकारीचे शत्रू नव्हते. सोसायटीतले कितीतरी जण स्वतः बंदूक चालवणारे. मग चिड कशाची? त्यांच्या हिशेबी शिकारीला काही रीत होती. मचाणावर रात्र काढायची, जखमी जनावर सोडून यायचं नाही, त्याच्या मागावर पायी जायचं, जीव धोक्यात घालायचा. गाडीत बसून दिपलेल्या प्राण्यावर बार काढणं यात त्यांना शिकार दिसतच नव्हती. मला ही जुनी रीत फार थोर वाटते असं नाही, राजेरजवाड्यांनी रीत पाळूनही जंगलं रिकामी केलीच. पण जीपचा धोका सगळ्यात आधी शिकाऱ्यांनीच ओळखला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षण कायदा घडवण्यात हुमायून अब्दुलअलींचा मोठा वाटा होता, आणि तेही बंदूक हाताळलेले गृहस्थ.

दुसरीकडे धंदाही जोरात होता. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९५१ साली पदवी घेतलेल्या एका तरुणाने मध्य भारतात मोठ्या शिकारीच्या सहली काढणारी कंपनी सुरू केली, अल्विन कूपर नावाची. तो तरुण म्हणजे विद्याचरण शुक्ल. पुढे आणीबाणीत माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, तेच.

आणि हे सगळं फक्त प्राण्यांनाच घातक होतं असं नाही. त्या जीपला सीट बेल्ट नाही, पक्कं छप्पर नाही, पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर जेमतेम दोन मीटर. मागे दोघं-तिघं उभे, एकाच्या हातात भरलेली बंदूक. ड्रायव्हरची नजर जमिनीवर नाही, पळणाऱ्या डोळ्यांवर. समोर बांध आला, ओघळ आली की काय होईल? उजेडात डोळे दिसतात, डोळ्यांमागे काय आहे ते दिसत नाही. गाय असेल, राखणीला झोपलेला माणूस असेल. हे जुन्या काळातलंच समजू नका. पालघर जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला रानडुकराच्या चोरट्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. तिथे जीप नव्हती. अंधार आणि घाई एवढंच पुरलं.

१९७० साली वाघाची शिकार बंद झाली, आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातलं मूळ कलम १७ मी मुद्दाम वाचलं. तेव्हा काही प्राण्यांची परवाना घेऊन शिकार करता येत होती. तरीही चाकांच्या किंवा यंत्रावर चालणाऱ्या वाहनातून शिकार नाही. मोटारीने प्राण्यांना हाकायचं, उधळवायचं नाही. कृत्रिम उजेड नाही. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार नाही. उजेड आणि रात्र यात अपवाद एकच, मांसाहारी प्राणी त्याने मारलेल्या भक्ष्यावर आलेला असेल आणि तसा खास परवाना असेल तर. म्हणजे बंदुकीला सशर्त परवानगी होती, जीपला नव्हती! १९९१ च्या दुरुस्तीत परवान्याची शिकारच संपली आणि कलम १७ पण गेलं. बंद झालेल्या गोष्टीला नियम कशाला?

माझ्या मते इथे आपलं थोडं नुकसान झालं. गाडीबद्दलचं ते साधं, स्पष्ट वाक्य लोकांच्या नजरेआड गेलं, आणि "बंदूक नाही म्हणजे गुन्हा नाही" हा समज तेवढा उरला.

आता उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आठवा. ३१ डिसेंबर २०२४, गोठणगावची सफारी. एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं रस्त्यावर, आणि पुढून-मागून पर्यटकांच्या जिप्सी. तिला वाट नाही. व्हिडिओ फिरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडवर निलंबनाची आणि दंडाची कारवाई झाली. सगळ्यांच्या हातात फोन होते, बंदूक एकही नव्हती. पण कळपाला गाडीने घेरायची ती जुनी युक्ती आणि ही गर्दी, वाघिणीच्या बाजूने बघितलं तर फरक किती?

तर मित्रा, तुझं उत्तर. माळशेजच्या त्या बाजूलाच कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. अभयारण्यात परवान्याशिवाय शिरणं कलम २७ खाली गुन्हा, आणि प्राण्याला छळणं, त्रास देणं हेही त्याच कलमात आहे. लाइट मारून पळवणं यात बसतं. राखीव जंगलात परवानगीशिवाय घुसण्याला १९२७ चा वन कायदा लागतो. आणि गुन्ह्यात वापरलेली गाडी जप्त होऊ शकते. कलम ३९ प्रमाणे, गुन्हा सिद्ध झाला तर ती सरकारजमा होते. थारचे हप्ते तरीही तुलाच भरायचे.

रात्री अकरा वाजता आडवाटेवर तीन गाड्या, टपावर झगझगीत उजेड आणि तो झाडीत फिरतोय, हे फॉरेस्ट गार्डला लांबून दिसतं. तो बहुतेक वेळा एकटा असतो, हातात काठी. तुमच्याकडे फोन आहे की बंदूक, हे त्याला तिथून कळत नाही. त्याच्या आधीच्या लोकांनी असा उजेड ज्या कारणासाठी बघितला होता, तेच कारण त्याच्या डोक्यात येणार.

दिवसा जा, गेटवर पावती फाडून जा, गाडी ठरलेल्या रस्त्यावर ठेव. लाइट बार हवाच असेल तर खासगी ऑफ-रोड ट्रॅकवर लाव.

बाकीचे प्रश्न खाली लिहा. पुढच्या भागात आपली खाडी आणि फ्लेमिंगो.