कणकुंबीचे पान

नकाशा हा सरकारी कागद. तो वाचण्याची आम्हां साहित्यप्रेमी मंडळींना फारशी सवय नाही. तरीही भारतीय सर्वेक्षण खात्याचे '४८ आय/२' हे पान पुढ्यात पसरले, की त्यावरून दृष्टी हलत नाही. एक इंचाला एक मैल या जुन्या प्रमाणाच्या पाव-पाव अंशाच्या चौकटीत खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचा सह्याद्री सामावला आहे. कणकुंबी आणि चोर्ला ही दोन्ही गावे त्यात सापडतात. अर्थात रोमन लिपीमुळे कणकुंबीचा 'ण' मात्र हरवला आहे.

या मोजणीची परंपरा १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ मोजलेल्या पायारेषेपर्यंत जाते. तो १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारला. त्याची कबरही तेथेच आहे.

या पानाचे खरे मर्म तपकिरी समोच्च रेषांत आहे. कणकुंबीच्या माउलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते, पूर्वेस कूडलसंगमी कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरास जाते. त्याच गावाच्या परिसरातील कळसा नाला मात्र म्हादईकडे, म्हणजे पणजीच्या मांडवीकडे उतरतो. दोन समुद्रांची पाणी विभागणारा हा कणा कागदावर बोटभर अंतरात ओलांडता येतो. कळसाचे पाणी मलप्रभेत वळवण्याची कल्पना कशी सुचली असेल, हे येथे न सांगताच कळते.

त्या बोटभर अंतराचा तंटा सोडवण्यासाठी २०१० साली लवाद नेमावा लागला. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी मिळाले. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९ अब्ज घनफूट मलप्रभेच्या खोऱ्यात न्यावयाचे होते. तिन्ही राज्ये पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. आमच्यापैकी काहींची घरे घाटावर, काहींची घाटाखाली. एकाच घरातील सोयरीक दोन्हीकडे. त्यामुळे या वादात कोणत्या बाजूने बोलावे, याचा पेच आम्हांलाही पडतो.

नकाशाला मात्र एक मर्यादा आहे. मोजणीदार डोंगरात हिंडत ते प्रायः पावसाळा सरल्यावर. बारमाही प्रवाह निळा आणि उन्हाळ्यात आटणारा काळा, असा त्यांचा संकेत. आषाढात ज्या ओढ्याला उतार मिळत नाही, तो कागदावर एक काळी, कोरडी रेघ होऊन पडलेला असतो.