तार गेली, पत्ता उरला : ठाणे-कल्याण पट्ट्यातील सिमकार्ड आणि ओळखीच्या पुराव्याचा इतिहास

१/
डोंबिवली स्थानकाबाहेरच्या दुकानात आज सिमकार्ड घ्यायचे तर आधार क्रमांक, बोटाचा ठसा, एक ताजे छायाचित्र आणि काही मिनिटांचा अवधी एवढे पुरते. या काही मिनिटांमागे तीन दशकांचा इतिहास उभा आहे. त्यात बॉम्बस्फोट आहेत, जनहित याचिका आहेत, गोदामांत साठलेले कोट्यवधी अर्ज आहेत आणि राज्यसंस्थेने नागरिकाला पुन्हा पुन्हा विचारलेला एक प्रश्न आहे : तुम्ही कोण, आणि राहता कुठे?

२/
प्रारंभ तारेपासून करावा लागतो. लँडलाइनच्या काळात दूरध्वनी आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. तार घरापर्यंत येत असे, लाइनमन दारात उभा राहत असे, बिल त्याच घरी येत असे. ग्राहक कुठे राहतो हे निराळे सिद्ध करण्याचे कारण नव्हते. तार हाच पत्त्याचा पुरावा होता.

३/
या तारेलाही सरहद्द होती. १९८६ साली स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमचे या भागातील क्षेत्र मुंबई, नवी मुंबई आणि ठाणे शहर एवढे होते. म्हणून ठाण्याचा संकेतांक ०२२. कळवा, मुंब्रा, दिवा मागे टाकून गाडी डोंबिवलीत शिरली की संकेतांक बदलून ०२५१ होई. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ ही गावे दूरसंचार खात्याच्या, आणि २००० नंतर भारत संचार निगमच्या अखत्यारीत होती. रोज लोकलने मुंबईस जाऊन येणारा डोंबिवलीकर शरीराने मुंबईचा होता. दूरध्वनीच्या नकाशावर मात्र बाहेरगावचा.

४/
३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवर संभाषण केले. भारतातील मोबाईल सेवेचा आरंभ म्हणून हा दिवस सांगितला जातो. मुंबई महानगराचे परवाने बीपीएल मोबाईल आणि हचिसन मॅक्स या दोन कंपन्यांना मिळाले होते. उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा यांचे मिळून निराळे परिमंडळ करण्यात आले.

५/
त्या काळी येणाऱ्या फोनचेही पैसे पडत आणि गर्दीच्या वेळी मिनिटाचा दर १६ रुपयांच्या आसपास जाई. ग्राहक थोडे, बहुतेक सुस्थितीतील. नाव, पत्ता, अनामत रक्कम हे सारे कंपनी स्वतःच्या हितासाठीच तपासून घेई, कारण बिल बुडण्याची भीती होती. ओळख पटवणे हा तेव्हा प्रामुख्याने उधारीचा प्रश्न होता.

६/
नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रीपेड कार्डे आली आणि हे गणित बदलले. पैसे आधीच हाती आल्यावर विक्रेत्याला ग्राहकाच्या पत्त्याशी फारसे कर्तव्य उरले नाही. मे २००३ पासून येणारे फोन निःशुल्क झाले आणि मोबाईल भाजीवाल्याच्या, रिक्षाचालकाच्या, घरकाम करणाऱ्या बाईंच्या हाती पोहोचला. स्थानकाबाहेरच्या टपरीवर सिमकार्ड मिळू लागले. अर्ज नंतर भरला जाई. कधी अर्धा, कधी दुसऱ्याच कुणाच्या झेरॉक्सवर. तार गेली होती आणि तिच्याबरोबर पत्ताही निसटला होता.

७/
हा निसटलेला पत्ता धरून आणण्याची धडपड हाच पुढच्या इतिहासाचा गाभा आहे. १३ मार्च २००३ रोजी कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मुलुंड येथे स्फोट झाला. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तपासयंत्रणांच्या दृष्टीने मोबाईल क्रमांक हा आता माग काढण्याचा धागा होता. त्या धाग्याच्या दुसऱ्या टोकाला खरे नाव असावे, ही मागणी बळावली.

८/
२२ नोव्हेंबर २००६ रोजी दूरसंचार विभागाने कंपन्यांना आदेश दिला : सर्व विद्यमान ग्राहकांची फेरपडताळणी ३१ मार्च २००७ पर्यंत पूर्ण करावी. छायाचित्र, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा ही त्रयी यानंतर सर्वांच्या परिचयाची झाली. फोटो स्टुडिओ आणि झेरॉक्सची दुकाने यांना मोबाईलच्या दुकानाशेजारी चांगले दिवस आले.

९/
ठाणे-कल्याण पट्ट्यातील खरी अडचण येथे सुरू होते, कारण हा प्रदेशच मुळी स्थलांतरितांचा आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि त्यातून उल्हासनगर उभे राहिले. मुंबईत घर परवडेनासे झालेली मराठी कुटुंबे गिरगाव-दादरहून डोंबिवलीस आली. कोकणातून, घाटावरून, उत्तर भारतातून माणसे येत राहिली. अशा ठिकाणी ‘कायमचा पत्ता’ आणि ‘सध्याचा पत्ता’ हे अर्जातील दोन रकाने म्हणजे दोन निराळी आयुष्ये असतात.

१०/
शिधापत्रिका गावाकडची, मतदार ओळखपत्रही तिकडचेच आणि राहणे मात्र भाड्याच्या खोलीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीकृत करार असेल तर पत्ता सिद्ध होई. परंतु चाळीतील पोटभाडेकरू, अनधिकृत इमारतीत खोली घेतलेला कामगार, घरमालकाने कागदच न दिलेली विद्यार्थिनी यांच्यापाशी दाखवण्यासारखे काय असणार? यांच्यासाठी सिम बहुधा मित्राच्या, मामाच्या किंवा दुकानदाराने ‘व्यवस्था केलेल्या’ नावावर निघे. नियम जितका कडक, तितका हा उसन्या नावांचा व्यवहार वाढण्याची शक्यता अधिक होती.

११/
पत्ता स्वतःही स्थिर नव्हता. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. वसईतील माणूस घर न हलवता एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्याचा रहिवासी झाला. कल्याण-डोंबिवली महापालिकेतून वगळलेली २७ गावे २०१५ साली पुन्हा महापालिकेत आली. माणूस जागेवरच राहिला. कागदावरचा ठाणे जिल्हा आणि ग्रामपंचायत बदलून गेली.

१२/
नियम मात्र अधिक काटेकोर होत गेले. अभिषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला. त्यानंतर दूरसंचार विभागाने ९ ऑगस्ट २०१२ रोजी नवी नियमावली काढली आणि ती ९ नोव्हेंबरपासून लागू झाली. विक्रेत्याने मूळ कागदपत्रे स्वतः पाहिल्याचे लिहून देणे आवश्यक झाले. पडताळणीपूर्वी सिम चालू करण्यास बंदी आली. एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ जोडण्या (जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येत सहा) ही मर्यादाही याच चौकटीतली आहे.

१३/
पाहुण्यासाठी निराळी वाट होती. परदेशी नागरिकाकडून पारपत्र व व्हिसा मागितला जाई. परगावच्या भारतीयाला, आपल्याच देशात, स्थानिक ओळखीच्या माणसाचे नाव, पत्ता आणि क्रमांक द्यावा लागे. जुन्या काळी परक्या गावात उतरताना ‘अमक्याचा पाहुणा’ म्हणून ओळख सांगावी लागे. एकविसाव्या शतकातील अर्जाने तीच रीत छापील रकान्यात आणली.

१४/
दरम्यान महाराष्ट्रातच एक दुसरी गोष्ट घडली होती. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्यांच्यापाशी कोणताच पुरावा नाही त्यांना ओळख मिळावी, हा या योजनेचा घोषित हेतू होता. ऑगस्ट २०१६ मध्ये आधार-आधारित ई-केवायसीने सिम देण्यास परवानगी मिळाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. तिचे मुख्य संकुल ठाणे जिल्ह्यातीलच घणसोलीत आहे. अंगठा यंत्रावर ठेवायचा, काही मिनिटांत सिम चालू. झेरॉक्सचे युग मावळू लागले.

१५/
सोय होती तिथवर कुणाची तक्रार नव्हती. ६ फेब्रुवारी २०१७ रोजी लोकनीती फाउंडेशनच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक पडताळणीसंबंधी आदेश दिला. त्याचा आधार घेऊन दूरसंचार विभागाने २३ मार्च २०१७ रोजी परिपत्रक काढले : प्रत्येक विद्यमान क्रमांक आधारने पुन्हा पडताळावा. ‘आपला क्रमांक बंद होईल’ असे संदेश घरोघरी येऊ लागले. ज्येष्ठ नागरिक दुकानांसमोर रांगेत उभे राहिले. कष्टाच्या कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला वाचता येत नसत. पुढे एप्रिल २०१८ मधील सुनावणीत न्यायालयाने स्पष्ट केले की आधारजोडणी सक्तीची करा, असा आदेश आपण दिलाच नव्हता.

१६/
डिसेंबर २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. सिमच्या पडताळणीसाठी दिलेल्या अंगठ्यावरून एका मोठ्या कंपनीच्या ग्राहकांची त्यांच्या नकळत पेमेंट बँकेत खाती उघडली गेली होती आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले होते. आधार प्राधिकरणाला त्या कंपनीची ई-केवायसी परवानगी काही काळ स्थगित करावी लागली. एका कामासाठी दिलेली ओळख दुसऱ्या कामासाठी वापरली जाऊ शकते, हे सामान्य ग्राहकास त्या दिवसांत प्रथम ध्यानी आले.

१७/
२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला होता. त्या पायावर २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार खटल्याचा निकाल लागला. चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा बव्हंशी वैध ठरला; परंतु मोबाईल जोडणीचे २३ मार्चचे परिपत्रक घटनाबाह्य ठरवून रद्द करण्यात आले. भिन्न मत देणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचेही या मुद्द्यावर बहुमताशी दुमत नव्हते. २०१९ च्या कायदा दुरुस्तीने आधारचा ऐच्छिक वापर पुन्हा शक्य झाला. नियमात ‘ऐच्छिक’ हा शब्द आहे. दुकानात तो क्वचितच उच्चारला जातो.

१८/
जगाचा अनुभव एकसारखा नाही. ब्रिटनमध्ये प्रीपेड सिमसाठी ओळख नोंदवण्याची सक्ती नाही. जर्मनीने २०१७ पासून प्रीपेड सिमची ओळख तपासणी कडक केली. मेक्सिकोने २००९ साली राष्ट्रीय नोंदणी सुरू केली आणि अल्पकाळातच ती गुंडाळली. २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने जैविक ओळखीवर बेतलेली नवी नोंदणीही घटनाबाह्य ठरवली. भारताने घेतलेली वाट ही अनेक वाटांपैकी एक आहे.

१९/
नोंदणीच्या बाजूचे म्हणणेही दुबळे नाही. सिम हे आता संभाषणाचे साधन राहिलेले नाही, ती तिजोरीची किल्ली झाली आहे. बँकेचा ओटीपी, यूपीआय, डिजिलॉकर सारे त्याच क्रमांकावर येते. बनावट सिमवरून होणाऱ्या फसवणुकीत आयुष्यभराची बचत जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने ५२ लाख जोडण्या रद्द केल्याचे आणि ६७,००० विक्रेत्यांना काळ्या यादीत टाकल्याचे जाहीर केले. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही.

२०/
मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती जोडण्या आहेत हे कोणालाही पाहता येते. कधीकाळी पोटभाडेकरूला उसने दिलेले नाव तेथे अजून जिवंत सापडू शकते. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार मर्यादेपेक्षा अधिक सिम बाळगल्यास पहिल्यांदा ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. फसवणुकीने सिम मिळवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

२१/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने एका गोष्टीपाशी थांबावे. २०२१ च्या सुधारणांत सरकारने म्हटले की कंपन्यांच्या गोदामांत साठलेले सुमारे ३०० ते ४०० कोटी कागदी अर्ज आता आवश्यक राहणार नाहीत. १ जानेवारी २०२४ पासून कागदी केवायसीच बंद झाली. छायाचित्र चिकटवलेले, अंगठा उमटवलेले, ‘मुक्काम पोस्ट’ने सुरू होणारे ते अर्ज म्हणजे स्थलांतरित भारताची अफाट दप्तरे होती. पेशव्यांची दप्तरे राखली गेली म्हणून अठराव्या शतकातील गावे आपल्याला ठाऊक आहेत. एकविसाव्या शतकाच्या आरंभी डोंबिवलीच्या खोल्यांत कोण कुठून येऊन राहिले, हे उद्या कोणत्या कागदावरून वाचणार?

२२/
लँडलाइनची तार घर ओळखत असे. सिम माणूस ओळखते. त्याचा ठसा, त्याचा चेहरा. या प्रवासात भाडेकरूची एक अडचण खरोखर दूर झाली : गावचा पत्ता असलेल्या आधारवर आज तो कल्याणमध्ये सिम घेऊ शकतो. मात्र त्या मोबदल्यात त्याने काय दिले, ते कोण सांभाळते आणि ते परत मागता येते का, हे प्रश्न न्यायालयांपुढे आले तसे यापुढेही येत राहतील. सिम घेताना समोर येणाऱ्या संमतीच्या चौकटीवर खूण करण्यापूर्वी ती वाचावी. तीन दशकांचा हा सारा वाद त्या छोट्या चौकटीत मावलेला आहे.

(धागा समाप्त)