मुंगीच्या उंचीवरून

कीटकांना पडद्यावर नट म्हणून उभे करण्याचा खटाटोप संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे. लिथुआनियातील कौनास येथील निसर्गसंग्रहालयाची व्यवस्था पाहणाऱ्या व्लादिस्लाव स्टारेविच यांना १९१० च्या सुमारास शिंगे असलेल्या भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करावयाची होती. परंतु ते निशाचर जीव प्रखर दिव्यांखाली निपचित पडून राहत. म्हणून त्यांनी मेलेल्या भुंगेऱ्यांच्या धडांना तारा आणि लाखेच्या साहाय्याने पाय पुन्हा जोडले आणि दर चित्रचौकटीमागे ते कणभर हलवून ती झुंज घडवून आणली. पुढे १९३४ साली डिस्नेच्या चित्रशाळेने इसापाच्या टोळाची आणि मुंग्यांची कथा रंगीत लघुपटात सांगितली. आळशी टोळाने उन्हाळाभर गावे आणि हिवाळ्यात मुंग्यांच्या दारी यावे, ही ती सर्वपरिचित कथा.

साठ वर्षांनी, १९९४ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातील पॉइंट रिचमंड येथे पिक्सार या संस्थेतील अँड्र्यू स्टँटन आणि जो रॅन्फ्ट यांनी या कथेला एक साधा परंतु मर्मभेदी प्रश्न विचारला. टोळ मुंगीहून कितीतरी मोठा आणि बळकट. मग त्याने भीक का मागावी? तो सरळ धान्य हिसकावून नेईल! या एका प्रश्नाने कथेचे सारे रूप पालटले. टोळांची धाड दरसाल मुंग्यांच्या मुलखावर यावी, तिने धान्याची खंडणी वसूल करावी आणि मुंग्यांनी निमूटपणे ती भरावी, असा जुलमी अंमल उभा राहिला. त्याविरुद्ध लढवय्ये शोधावयास निघालेली मुंगी सर्कशीतल्या कीटकांनाच योद्धे समजून घेऊन येते, ही गंमतही त्यातूनच निघाली. प्रारंभीच्या मसुद्यात नायक होता तो सर्कशीतला एक तांबडा मुंगळा, आणि तो योद्ध्याचे सोंग जाणूनबुजून करीत असे. स्टँटन यांनी त्याला काढून फ्लिक नावाच्या धडपड्या आणि वारुळात कुणालाच नकोशा झालेल्या मुंगीला नायकपद दिले, तेव्हा फसवणुकीच्या जागी प्रामाणिक गैरसमज आला. माझ्या मते चित्रपटाचे नशीब या बदलाने जितके उजळले, तितके कुठल्याही यंत्राने उजळले नाही.

या कथेतून घडलेल्या ‘अ बग्ज लाइफ’ या चित्रपटाचे दिग्दर्शक जॉन लॅसेटर, सहदिग्दर्शक स्टँटन. त्यांचा आधीचा ‘टॉय स्टोरी’ हा १९९५ चा चित्रपट खेळण्यांविषयी होता, आणि ती निवड शहाणपणाची होती. कारण त्या काळच्या संगणकाने काढलेली प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकसारखी चकाके, आणि खेळण्यांना ती चकाकी शोभून दिसे. कीटकांच्या टणक कवचांनाही ती थोडीफार साजली असती. पण गवत, माती, पाऊस, पाकळ्या यांचे काय? यासाठी चित्रकारांनी जी तजवीज केली, ती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत हृद्य गोष्ट वाटते. त्यांनी एका काठीच्या टोकाला चिमुकला व्हिडिओ कॅमेरा बसविला, त्याला लेगोच्या खेळातली इवलीशी चाके लावली, आणि आपल्या इमारतीबाहेरच्या झाडोऱ्यातून तो जमिनीलगत ढकलीत नेला. जे दृश्य दिसले, ते उभ्या माणसाने आजन्म पाहिलेले नसते. खालून पाहिले असता पान हिरवे आणि निबर राहत नाही. सूर्यप्रकाश त्यातून आरपार झिरपतो आणि रंगीत काचांच्या खिडकीतून यावा तसा पसरतो. पाकळ्या आतून उजळलेल्या दिसतात, आणि गवताच्या पात्यांचे एक घनदाट, तेजस्वी अरण्य होते. हा पारभासक प्रकाश मग चित्रपटभर उतरला. त्या रानात पावसाचा प्रत्येक थेंब तोफेच्या गोळ्यासारखा आदळतो, आणि मुंग्यांच्या जगात पाऊस म्हणजे काय, हे बालप्रेक्षकाला न सांगताच कळते.

देहरचनेतही विचारपूर्वक फेरफार झाले. मुंग्यांना सहा पायांऐवजी दोन हात आणि दोन पाय देऊन त्यांना ताठ उभे केले. टोळांचे मात्र सहाही अवयव शाबूत ठेवले, जेणेकरून ते परके आणि भयावह वाटावेत. याहून बिकट काम जमावाचे होते. मुंग्यांच्या झुंडी असलेली दृश्ये चारशेंहून अधिक भरली, आणि त्यांपैकी काहींत शेकडो मुंग्या एकदम दिसतात. एकच मुंगी शेकडो वेळा छापली असती तर ती कवायतीची पलटण झाली असती. म्हणून मुंग्यांच्या ठेवणीत, रंगात आणि हालचालीत थोडाथोडा भेद पेरला गेला, आणि राणीच्या प्रजेत माणसांच्या जमावासारखीच चुळबुळ दिसू लागली.

ड्रीमवर्क्स या चित्रसंस्थेचा ‘अँट्झ’ हा मुंग्यांचाच चित्रपट ऑक्टोबर १९९८ मध्ये, म्हणजे ‘अ बग्ज लाइफ’च्या काही आठवडे आधी प्रदर्शित झाला. कल्पना कोणाची, यावरून दोन्ही पक्षांत कटुता आली आणि त्याची चर्चाही पुष्कळ झाली. दोन्ही चित्रपट पाहणाऱ्याला मात्र त्यांच्या प्रकृती अगदी भिन्न असल्याचे सहज दिसते. ‘अँट्झ’ची भाषा प्रौढांची आणि दुसऱ्याची साऱ्या कुटुंबाची. ‘अ बग्ज लाइफ’ नोव्हेंबरात सर्वत्र झळकला आणि प्रेक्षकांनी त्याचे मनःपूर्वक स्वागत केले. त्याच्या आधी ‘गेरीज गेम’ हा जॅन पिंकावा यांचा ऑस्करविजेता लघुपट दाखविला जाई. त्यात प्रथम कसोटीस उतरलेली, गुळगुळीत आणि लवचीक पृष्ठभाग घडविण्याची पद्धत मोठ्या चित्रपटातील कीटकांनाही लाभली.

‘अ बग्ज लाइफ’चा पडदा रुंद, उंचीच्या सुमारे २.३५ पट, असल्यामुळे घरच्या दूरचित्रवाणीच्या चौकोनी काचेवर त्याचे काय करावे, हा प्रश्न उरला होता. इतर चित्रपटांच्या दोन्ही कडा सरळ कापून टाकीत. येथे मात्र पात्रे मुळात फिल्मवर नव्हतीच, संगणकाच्या दफ्तरात आकड्यांच्या रूपाने होती; म्हणून कित्येक दृश्यांत मुंग्यांना एकमेकींजवळ सरकवून चौकट नव्याने भरण्यात आली. १९९९ साली घरगुती तबकडी (डीव्हीडी) निघाली, तीही फिल्मवरून उतरवून न घेता त्या आकड्यांवरूनच तयार झाली.