घरगुती पावडर कोटिंग : ओव्हनचा नव्हे, धातूचा काटा पाहा

सालवड, प्रतिनिधी – समुद्रावरून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे सालवड, पास्थळ, बोईसर या पट्ट्यात लोखंडी वस्तूंना गंज चढण्यास वेळ लागत नाही. तारापूर औद्योगिक वसाहत शेजारीच असल्याने पावडर कोटिंग हा शब्द येथे अपरिचित नाही. आता लहान आकाराच्या गनही बाजारात मिळत असल्याने बिजागरी, कडी-कोयंडा, सायकलचे सुटे भाग यांना घरीच कोटिंग करण्याचा मोह होतो. मात्र या कामातील खरी परीक्षा फवारणीची नसून भट्टीची, म्हणजेच ‘क्युअरिंग’ची असते.

या पावडरीत रेझिन, हार्डनर व रंगद्रव्य यांचे मिश्रण असते, थिनर नसतो. गनमधून विद्युतभारित होऊन निघालेले कण अर्थिंग केलेल्या वस्तूवर चिकटतात. उष्णता मिळताच ते प्रथम वितळून एकसंध होतात आणि त्यानंतर रासायनिक क्रियेने कायमचे कठीण बनतात. गफलत होते ती या दोन टप्प्यांमध्ये. वितळलेला थर चकचकीत दिसतो, म्हणून वस्तू बाहेर काढली जाते. परंतु आतून तो कच्चाच असतो आणि पहिल्याच पावसाळ्यात कडेपासून सुटू लागतो.

सर्वसाधारण पॉलिएस्टर पावडरीसाठी धातूचे तापमान १८० ते २०० अंश सेल्सिअस असताना १० ते १५ मिनिटे लागतात. नेमका आकडा पाकिटावर किंवा उत्पादकाच्या माहितीपत्रकात असतो. हे तापमान धातूचे, ओव्हनमधील हवेचे नव्हे. पातळ पत्रा काही मिनिटांत तापतो, तर जाड बिडाच्या तुकड्याला अर्धा तासही लागू शकतो. त्यामुळे ओव्हनच्या बटणावर विसंबून न राहता वस्तूला टेकविलेल्या थर्मोकपलने तापमान पाहावे व घड्याळ तेथून पुढे लावावे. मध्येच वीज जाऊन वस्तू थंड झाल्यास पुन्हा पूर्ण वेळ द्यावा. पांढरा रंग अशा वेळी किंचित पिवळसर पडतो, पण कच्च्या थरापेक्षा ते परवडले.

वस्तू थंड झाल्यावर न दिसणाऱ्या कोपऱ्यात मिथाइल इथाइल किटोनमध्ये भिजविलेले फडके घासून पाहावे. किंचित चमक कमी होणे चालते. थर मऊ पडला किंवा रंग भराभर उतरला तर क्युअरिंग अपुरे आहे. हे द्रव्य अत्यंत ज्वालाग्राही असल्याने चाचणी ओव्हनपासून दूर, उघड्या हवेत करावी.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. या कामास वापरलेला ओव्हन पुन्हा स्वयंपाकासाठी कधीही वापरू नये. तो घराबाहेर किंवा हवेशीर पडवीत ठेवावा. दोन हजार वॉटचा ओव्हन जवळजवळ ९ अँपिअर वीज खेचतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवे. एका घाण्यास साधारण ४० मिनिटे धरली तरी सव्वा ते दीड युनिटहून अधिक वीज लागत नाही. लहान वस्तू एकत्र भाजल्यास खर्च आणखी विभागला जातो. गॅसवर चालणाऱ्या घरगुती भट्टीचा प्रयोग मुळीच करू नये.

हवेत तरंगणारी पावडर ठिणगीने भडकू शकते. फवारणीच्या जागी शेगडी, सिगारेट, एवढेच काय, देवघरातील समईही नसावी. सांडलेली पावडर घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने न ओढता ओल्या फडक्याने टिपावी. काही पॉलिएस्टर पावडरींत टीजीआयसी नावाचा हार्डनर असतो. तो आनुवंशिक दोष निर्माण करू शकणारा पदार्थ म्हणून युरोपात वर्गीकृत आहे. घरगुती वापरासाठी टीजीआयसीविरहित पावडर मागावी. मास्क, हातमोजे व चष्मा मात्र कोणत्याही पावडरीला आवश्यक.

बंद पोकळ नळ्या, गॅस भरलेले शॉक अॅब्सॉर्बर, रबर वा ग्रीस असलेले बेअरिंग भट्टीत घालू नयेत. ओतीव वस्तूंमधून वायू निघून बुडबुडे येतात. त्या कोटिंगपूर्वी एकदा रिकाम्याच तापवून घ्याव्यात.

खिडकीचे ग्रिल किंवा गेट घरच्या ओव्हनमध्ये मावत नाही. ते जॉबवर्क करणाऱ्या युनिटकडेच द्यावे आणि दर विचारण्याआधी ‘सेव्हन टँक’ प्रक्रिया, म्हणजे तेल व गंज काढून फॉस्फेटचा थर देणे, होते का, हे विचारावे. बाहेरच्या वापरासाठी पॉलिएस्टरच घ्यावे. नुसते एपॉक्सी उन्हात खडूसारखे भुरभुरते.