अंगावरच्या गाठी आणि गावाचा न्याय

मित्रहो, आज आपण चंद्रपुरात जमलो आहोत, तेव्हा सुरुवात वरोऱ्यापासूनच करतो. महारोगी सेवा समिती १९४९ची. पुढे ६ रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर बाबा आमट्यांनी खडकाळ जमिनीत आनंदवन उभं केलं. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. मला तिच्या आधीचा प्रश्न विचारायचा आहे. ज्याला गावानं बाहेर काढलं, त्याला महारोगच आहे हे ठरवलं कुणी, आणि कशावरून?

बहुतेक वेळा नुसत्या नजरेनं. १८९८चा लेपर्स कायदा कठोरच होता. निराधार रुग्णाला पकडून आश्रमात डांबायची त्यात सोय होती, आणि तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. पण त्या कायद्यालाही तपासणी करून दिलेला दाखला लागत असे. गावाला तोही लागत नव्हता. अंगावर गाठी दिसल्या की रक्तपिती, आणि रक्तपिती म्हणजे मागच्या जन्मीचं पाप. संपलं!

आता तारखा बघा. १८७३ साली नॉर्वेत हान्सेननं महारोगाचा जंतू पाहिला. त्यानंतर ९ वर्षांनी, १८८२ साली, फोन रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरनं दाखवून दिलं, की काही माणसांच्या अंगावरच्या मऊ गाठी मज्जातंतूंपासून उगवतात. त्यांना आपण न्यूरोफायब्रोमा म्हणतो. हा आजार जनुकातला आहे, तो शिवल्यानं होत नाही. साधारण ३००० माणसांत एकाला तो असतो. २०११च्या जनगणनेत चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून लोकसंख्या सुमारे ३३ लाख होती. त्या हिशेबानं आपल्याच दोन जिल्ह्यांत अशी हजारेक माणसं असायला हवीत. महारोगाशी गल्लत होऊ शकणाऱ्या आजारांच्या यादीत वैद्यकाची पुस्तकं या गाठी आवर्जून देतात.

आणि इथेच संप्रेरकांचा भाग येतो. 'हॉर्मोन' हा शब्द १९०५ साली स्टार्लिंगनं रूढ केला. मूळ ग्रीक अर्थ चालना देणारा. आपला 'संप्रेरक'ही तेच सांगतो. या गाठी बऱ्याचदा वयात येताना दिसू लागतात आणि गरोदरपणात संख्येनं, आकारानं वाढतात. बाळंतपणानंतर काहींच्या थोड्या ओसरतातही. असं का, याचा एक धागा २००३ साली हाती लागला. तपासलेल्या गाठींपैकी सुमारे ७५ टक्के गाठींत प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद देणारे ग्राहक सापडले. गरोदरपणात रक्तात जे भरपूर वाढतं, तेच हे प्रोजेस्टेरॉन. साध्या चामखिळीसारखे मानेवरचे मऊ मस गरोदरपणात वाढतात, तेही याच जातीचं उदाहरण. लठ्ठपणात आणि मधुमेहात असे मस जास्त दिसतात, तिथे संशय इन्शुलिनवर आहे.

आता या वेळेचा अर्थ लक्षात घ्या. लग्न झालं, दिवस गेले आणि सुनेच्या अंगावर गाठी उठल्या. गाव काय म्हणेल? पोर पायगुणाची वाईट. माहेरच्यांनी रोग लपवला. शरीराच्या घड्याळानं आणलेली गोष्ट तिच्या माथी मारली जाणार.

म्हणून नजरेवर निकाल देऊ नका. महारोगाचा चट्टा बहुधा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे बधिरपणा येतो. न्यूरोफायब्रोमाच्या रुग्णाचे डाग चहाच्या रंगाचे असतात आणि तिथे स्पर्श कळतो. महारोगाच्या गाठींवर मात्र कधी कधी स्पर्श शाबूत असतो, म्हणून त्वचेचा नमुना घेऊन जंतू शोधावा लागतो. ते काम दवाखान्याचं. एखादी गाठ झपाट्यानं वाढली किंवा दुखू लागली, तर तीही दाखवायलाच हवी.

आणि समजा निघालाच महारोग, तर? औषधानं तो बरा होतो. माणसाला घराबाहेर काढायला तेव्हाही कारण नव्हतं, आजही नाही.