ज्येष्ठमधाची गोडी

गोड लागते ते बाधणार नाही, असा एक भाबडा समज आपल्या मनात घर करून असतो. कडू काढा देताना घरातले मोठे माणूस मात्रा मोजते. ज्येष्ठमधाची कांडी देताना मात्र कोणी मोजीत नाही. खोकला लागला की ती दाढेखाली धरावी, गवयाने मैफलीपूर्वी चघळावी. या विश्वासाचा इतिहास मला मोठा उद्बोधक वाटतो.

ही कांडी आपल्या घरांत मुरली असली, तरी मुख्यतः ती इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशिया इकडून येत आली आहे. चरकसंहितेने तिला बुद्धिवर्धक रसायनांत स्थान दिले आणि यष्टिमधूचे चूर्ण दुधाबरोबर घ्यायला सांगितले. ग्रीक वनस्पतिज्ञ थिओफ्रास्टस याने तिला सिथियन, म्हणजे शक लोकांचे मूळ म्हटले. हे मूळ आणि घोडीच्या दुधाचे चीज यांवर ते लोक अकरा-बारा दिवस पाण्यावाचून काढतात, असे तो लिहितो.

या कौतुकाला पहिला गंभीर छेद गेला तो हॉलंडात. हेरेनफेन गावच्या एका औषधविक्रेत्याचे ज्येष्ठमधाचे औषध पोटाच्या विकारांवर गुणकारी ठरत होते. डॉ. रेव्हर्स यांनी ते जठरव्रणाच्या रोग्यांना देऊन पाहिले आणि १९४६ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. रोग्यांना आराम पडला. पण सुमारे पाचांतल्या एकाच्या अंगावर सूज दिसू लागली, डोके दुखू लागले, दम लागू लागला. औषध गुण देत असतानाच त्याचा दोष टिपायला निराळी दृष्टी लागते. ती या डॉक्टरांपाशी होती.

त्याच देशात डॉ. बोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास हा शोध पुढे नेला. अ‍ॅडिसनच्या रोगात मूत्रपिंडावरच्या ग्रंथी निकामी होतात व अंगात मीठ टिकत नाही. अशा काही रोग्यांना हाच अर्क उपकारक ठरला. म्हणजे दोष आणि गुण एकाच उगमाचे! त्याचा उलगडा १९८७ साली झाला. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्प्रभ करणारे एक विकर असते. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनपासून आतड्यात तयार होणारे आम्ल त्या विकराला अडवते. मग मीठ आणि पाणी अंगात साठते, पोटॅशियम निघून जाते, रक्तदाब चढतो. इथे मला शकांची ती कथा हटकून आठवते. अर्थात तिला पुरावा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

हा केवळ पुस्तकी धोका नव्हे. काही आठवडे रोज ज्येष्ठमधाची मिठाई खाणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाचे पोटॅशियम घटून हृदय बंद पडले व तो दगावला; ही हकीकत २०२० साली प्रसिद्ध झाली. युरोपीय शास्त्रज्ञांच्या समितीने २००३ साली ग्लिसिरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचवली आहे.

खोकल्यापुरती दोन दिवस चघळलेली कांडी आणि महिनोन्‌महिने घेतलेले चूर्ण यांत म्हणूनच फरक करायला हवा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नये. काष्ठौषधींच्या दुकानातून सुटी आणलेल्या कांडीवर मात्रा लिहिलेली नसते. ती मोजण्याचे काम देणाऱ्या हाताकडेच राहते.