शोलावरम : उसन्या धावपट्टीवरचा वेग

कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर आज मुले गो-कार्ट चालवण्याचे प्रशिक्षण घेतात. भारतीय मोटारशर्यतींना मात्र दीर्घकाळ हक्काचा मार्गच नव्हता. आजचा धागा अशाच एका विस्मृत मार्गाचा.

चेन्नईच्या उत्तरेस शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टी होती. 1953 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती तिथेच रंगू लागल्या. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनही असाच युद्धकालीन हवाई तळ; तेथे 1948 मध्ये ग्रां प्री झाली. विमानासाठी आखलेली वाट सरळ आणि रुंद. त्यामुळे वेग मुबलक. परंतु टोकाचे वळण येताच सारी भिस्त ब्रेकवर. चालकाचा कस तिथे लागे.

परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. साहजिकच येथे धावणाऱ्या अनेक गाड्या फियाट, अ‍ॅम्बॅसिडर यांचे भाग जुळवून, कापून, हलक्या करून घडवलेल्या असत. गॅरेजमधील मिस्त्री हाच अभियंता! तरीही हा इतिहास आपण केवळ चालकांच्या नावांनी सांगतो, हे मला अन्यायाचे वाटते.

सिल्व्हरस्टोन टिकले, शोलावरम मागे पडले. क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे स्वतःच्या जमिनीवर ट्रॅक बांधला आणि 1990 च्या सुमारास शर्यती तिकडे गेल्या.